सात वर्षं गप्प राहिलेला कवी

डब्लिन म्हटलं की आपल्या वाचकांना जेम्स जॉइस आठवतो, बर्नार्ड शॉ आठवतो, ऑस्कर वाइल्ड आठवतो. कॉलेजात इंग्रजी घेतलेल्यांना येट्स आठवतो. ही सगळी इथली माणसं. त्यांचे पुतळे आहेत, नावाच्या पाट्या आहेत. भारतातून पाहुणे आले की मीही हौसेने हे सगळं दाखवते. पण या शहरात आणखी एक कवी राहिला आणि इथेच गेला. त्याला डब्लिन कधी आपलं वाटलं नाही, आणि डब्लिनलाही तो कळला नाही. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स त्याचं नाव. जन्माने इंग्रज, धर्माने कॅथलिक, पेशाने जेझुइट पाद्री. हयातीत त्याचं एकही पुस्तक निघालं नाही. आज मात्र इंग्रजी कवितेचा कुठलाही मोठा संग्रह त्याच्याशिवाय पुरा होत नाही.

माझी ट्राम रोज सेंट स्टीफन्स ग्रीनला थांबते. त्या बागेच्या दक्षिणेला ८६ नंबरचं जुनं दगडी घर आहे. त्याच घरात हॉपकिन्सची शेवटची पाच वर्षं गेली. इथे येऊन मला बारा वर्षं झाली. कॉलेजात असताना मी कविता करायचे, इथे आल्यावर ती हळूहळू थांबली. कुणी थांबवली नाही. नोकरी, घराचा हप्ता आणि पोरांच्या शाळा यांत ती कधी बाजूला पडली ते कळलंच नाही. म्हणूनच बहुतेक, हा माणूस सात वर्षं कवितेशिवाय राहिला आणि मग पुन्हा लिहू लागला हे वाचल्यावर मला त्याचं सगळं आयुष्य वाचावंसं वाटलं. तेच आज तुम्हाला सांगते.

हॉपकिन्सचा जन्म २८ जुलै १८४४ चा, लंडनजवळच्या स्ट्रॅटफर्डमधला. नऊ भावंडांत हा थोरला. घर खाऊनपिऊन सुखी, अँग्लिकन पंथाचं. वडिलांचा व्यवसाय जहाजांच्या विम्याचा. समुद्रात जहाजाचं नुकसान झालं की कुणी किती भार सोसायचा याचा हिशेब ते करून द्यायचे. ते स्वतः कविताही लिहायचे. घरात चित्रकला होती, संगीत होतं. मुलगा हुशार निघाला, शाळेत कवितेचं बक्षीस मिळवलं आणि १८६३ मध्ये ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजात ग्रीक-लॅटिन शिकायला गेला. तिथे त्याला रॉबर्ट ब्रिजेस हा मित्र भेटला. हे नाव लक्षात ठेवा, कारण ब्रिजेस नसता तर आज हा लेख लिहायला काही उरलंच नसतं.

त्या काळी ऑक्सफर्डमध्ये धर्माचे वाद जोरात होते. जॉन हेन्री न्यूमन यांच्यासारखा मोठा अँग्लिकन विद्वान वीसेक वर्षांपूर्वी कॅथलिक झाला होता आणि तरुण मुलं अजून त्यावरच बोलत होती. हॉपकिन्सही त्याच वाटेने गेला. २१ ऑक्टोबर १८६६ ला बर्मिंगहॅममध्ये खुद्द न्यूमननी त्याला कॅथलिक चर्चमध्ये घेतलं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

आज वाचताना यात एवढं काय, असं वाटेल. ख्रिस्तीच होता, ख्रिस्तीच राहिला. पण त्या काळच्या इंग्लंडात हे घर सोडण्यासारखंच होतं. आई-वडिलांना जबर धक्का बसला, दुःखाची पत्रं आली. ऑक्सफर्डच्या कॉलेजात कायमची जागा मिळण्याची वाटही त्या काळच्या नियमांमुळे बंद झाल्यासारखी झाली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत, त्यांना एका माणसाने धर्म बदलला की घरातल्या बाकीच्यांचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. तिकडे रेव्हरंड टिळक, इकडे हॉपकिन्स. पंथ वेगळे, देश वेगळे, पण घरच्या माणसांचं दुःख तेच.

दोन वर्षांनी त्याने आणखी पुढचं पाऊल उचललं. जेझुइट संघात जायचं ठरवलं, आणि त्याआधी, ११ मे १८६८ ला, आपल्या कविता जाळून टाकल्या. आपल्याला इथे लगेच तुकोबांच्या वह्या आठवतात. पण तुकोबांना वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या त्या दुसऱ्यांनी. हॉपकिन्सला कुणी जाळायला सांगितलं नव्हतं. जे व्रत घेणार आहोत त्यात कवितेला जागा नाही, असं त्याचं त्यानेच ठरवलं. वरिष्ठांनी सांगितल्याशिवाय आता लिहायचं नाही, असा नियमही स्वतःच घालून घेतला. काही कवितांच्या प्रती मित्रांकडे होत्या, तेवढ्या वाचल्या.

मग सुरू झाली ती सात वर्षं. एखाददुसरी प्रसंगापुरती रचना सोडली तर त्याने कविता लिहिली नाही. लंडनजवळ रोहॅम्प्टनला उमेदवारी, उत्तरेला स्टोनीहर्स्टमध्ये तत्त्वज्ञानाचा अभ्यास, पुन्हा रोहॅम्प्टनला शिकवणं. पहाटे उठायचं, प्रार्थना, झाडलोट, अभ्यास, सगळं घंटेवर. पण त्या काळातल्या त्याच्या रोजनिशा उरल्या आहेत आणि त्या वाचल्या की कळतं, या माणसाचे डोळे गप्प बसलेले नव्हते. ढगांचे आकार, गवतावरचं दहिवर, गोठलेल्या मातीवरची नक्षी, निळ्या ब्लूबेलच्या फुलांची मान, एखादं झाड तोडलं तेव्हा झालेली तगमग, सगळं त्याने बारकाईने टिपून ठेवलं आहे. प्रत्येक वस्तूचं म्हणून एक आतलं रूप असतं, ते दुसऱ्या कशात नसतं, असं तो मानायचा आणि त्याला त्याने स्वतःचा शब्दही घडवला होता. १८७२ मध्ये डन्स स्कॉटस या मध्ययुगीन तत्त्वज्ञाचं लिखाण त्याच्या हाती आलं. एकेक वस्तूचं वेगळेपण ही देवाकडे जाणारी वाट आहे, असा आधार त्याला तिथे मिळाला. फूल पाहणं आणि प्रार्थना करणं ही दोन भांडणारी कामं नाहीत, हे मनाला पटायला सुरुवात झाली. पण लेखणी अजून बंदच होती.

१८७४ मध्ये त्याला उत्तर वेल्समधल्या सेंट बायनोज या जेझुइट कॉलेजात ईश्वरशास्त्र शिकायला पाठवलं. डोंगर, दरी, मेंढ्या, आणि लोकांच्या तोंडी वेल्श भाषा. हा पठ्ठ्या वेल्श शिकायला लागला! त्या भाषेच्या जुन्या कवितेत कंगहानेद नावाची शिस्त आहे. ओळीच्या पूर्वार्धातली व्यंजनं उत्तरार्धात ठरलेल्या क्रमाने परत यावी लागतात. आपल्या अनुप्रासासारखंच, पण फार काटेकोर. शतकानुशतकं वेल्श कवी हे बंधन पाळत आले. त्या नादाने हॉपकिन्सचे कान भरून गेले.

आणि मग डिसेंबर १८७५ आला. जर्मनीच्या ब्रेमेनहून न्यूयॉर्कला निघालेलं 'डॉइचलँड' नावाचं जहाज बर्फाच्या वादळात थेम्सच्या मुखाजवळ वाळूच्या बांधावर रुतलं. मदत पोचायला एक अख्खी रात्र जाऊन दुसरा दिवस उजाडला. पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यांत पाच फ्रान्सिस्कन नन होत्या. जर्मनीत तेव्हा कॅथलिकांविरुद्ध कडक कायदे झाले होते, त्यामुळे त्यांना देश सोडावा लागला होता. परक्या देशाच्या किनाऱ्याजवळ, घर मागे राहिलेलं आणि नवं घर अजून दिसलेलं नाही, अशा अवस्थेत त्या बुडाल्या.

वर्तमानपत्रातली ती बातमी वाचून हॉपकिन्स हलून गेला. तो तसं रेक्टरांजवळ बोलला. यावर कुणीतरी कविता लिहायला हवी, असं रेक्टर सहज म्हणाले. हुकूम नव्हता तो. पण सात वर्षं बंद असलेल्या दाराला तेवढा धक्का पुरला. त्याने लिहायला घेतलं आणि आठ-आठ ओळींची पस्तीस कडवी झाली. गंमत बघा, बापाने आयुष्यभर फुटलेल्या जहाजांचे हिशेब मांडले आणि लेकाची वाणी परत आली ती एका फुटलेल्या जहाजामुळेच.

आता त्याच्या छंदाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याचं नवेपण आणि जुनेपण दोन्ही त्यातच आहे. त्या काळच्या इंग्रजी कवितेत ओळीतल्या अवयवांची संख्या आणि आघात ठरलेले असत, साधारण आपल्या अक्षरगणवृत्तासारखे. हॉपकिन्सने फक्त आघात मोजायचे ठरवले. दोन आघातांच्या मध्ये अवयव एक असो, तीन असोत, नाहीतर नसोतच. याला तो 'स्प्रंग ऱ्हिदम' म्हणायचा. इंग्रजी प्राध्यापक हे समजावताना फळा भरून टाकतात, पण आपल्याला ते जात्यावरच्या ओवीवरून पटकन कळतं. ओवीत एका चरणात अक्षरं कमी, दुसऱ्यात जास्त, तरी जात्याचा फेरा चुकत नाही. दळणारी बाई अक्षरं मोजत नाही, हाताची लय मोजते. आणि हॉपकिन्सचं म्हणणंही तेच होतं, की मी नवीन काही काढलेलं नाही. ही लय लहान मुलांच्या बडबडगीतांत आहे, जुन्या इंग्रजी कवितेत आहे, लोकांच्या बोलण्यात आहे. मधल्या काळात कवी ती विसरले. म्हणजे सात वर्षांच्या मौनानंतर तो परतला तो आजीच्या घराच्या जुन्या वाटेने. लोकांना मात्र ती वाट इतकी अनोळखी झाली होती की त्यांना तो वेडावाकडा चालतोय असं वाटलं.

जेझुइटांच्याच मासिकाने ती कविता आधी घेतो म्हटलं आणि शेवटी छापली नाही. ब्रिजेसला पाठवली तर त्यालाही आवडली नाही. पुन्हा वाचायची आपली तयारी नाही, असंच त्याने कळवलं. दुसरा एखादा असता तर पुन्हा मौनात गेला असता. हॉपकिन्स गेला नाही. १८७७ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात त्याने वेल्समध्ये एकामागून एक सुनीतं लिहिली. चौदा ओळींचा हा साचा युरोपात कित्येक शतकं जुना. आपल्याकडे केशवसुतांनी तो मराठीत आणला. त्या ठरलेल्या चौदा ओळींत हॉपकिन्सने हवेत तरंगणारा ससाणा आणला, धुरकटलेली पृथ्वी आणि तरीही तिच्या पोटात टिकून राहिलेली टवटवी आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो पाद्री झाला.

मला इथे आपले फादर थॉमस स्टीफन्स आठवल्याशिवाय राहत नाहीत. तेही इंग्रज, तेही जेझुइट. १५७९ मध्ये गोव्यात आले आणि मराठीत हजारो ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ मध्ये छापलंही गेलं. स्टीफन्सची कविता हेच त्यांचं काम होतं, माणसांपर्यंत पोचण्यासाठी त्यांनी परक्या मुलखातला जुना छंद आपला केला. हॉपकिन्सने स्वतःच्या भाषेतला जुना छंद शोधून काढला, आणि त्याच्याच संघातल्या लोकांना तो समजला नाही.

पाद्री झाल्यावर त्याच्या सतत बदल्या होत राहिल्या. लंडन, ऑक्सफर्ड, लिव्हरपूल, ग्लासगो, पुन्हा स्टोनीहर्स्ट. लिव्हरपूलमध्ये कामगारांच्या गलिच्छ वस्त्या, दुष्काळानंतर आलेली गरीब आयरिश कुटुंबं. तो तिथे थकून जायचा. तरी तिथल्या एका नालबंदावर त्याने सुनीत लिहिलं. धिप्पाड माणूस आजाराने कसा खचत गेला आणि त्याची सेवा करता करता पाद्री आणि तो दोघे एकमेकांचे कसे झाले, एवढंच त्यात आहे. ते वाचलं की हा नुसता पुस्तकी माणूस नव्हता याची खात्री पटते.

१८८४ च्या फेब्रुवारीत त्याला डब्लिनला पाठवलं, युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रीकचा प्राध्यापक म्हणून. ऐकायला मोठं पद. प्रत्यक्षात पैशाची चणचण असलेलं कॉलेज, आणि परीक्षांच्या शेकड्यांनी उत्तरपत्रिका. एकेका पेपरावर अन्याय होऊ नये म्हणून हा जीव टाकून तपासायचा. त्याला मिळणारा पगारही संघाकडेच जायचा. बाहेर आयर्लंडच्या स्वराज्याची चळवळ तापलेली. हा मनाने पक्का इंग्रज. त्याच्या नेमणुकीवरूनही वाद झाला होता, कारण जागेवर आयरिश माणूस हवा असं काहींचं म्हणणं होतं. घरच्यांपासून धर्माने तुटलेला, मित्रांपासून समुद्राने, आणि भोवतालच्या माणसांपासून राजकारणाने. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना एकटेपणा काय असतो ते थोडंफार माहीत आहे. आपल्याला निदान रोज व्हिडिओ कॉल करता येतो.

१८८५ च्या आसपास त्याने इथे काही सुनीतं लिहिली. ती इतकी अंधारी आहेत की अभ्यासकांनी त्यांना 'भयंकर सुनीतं' असं नाव दिलं. प्रार्थना करूनही उत्तर न मिळणं, रात्र न सरणं, स्वतःच्याच मनाचा कडा आणि त्याखालची दरी, हे सगळं त्यांत आहे. ज्या माणसाने देवासाठी घर, कविता, नाव सोडलं, त्यालाच देवाची चाहूल लागेनाशी झाली होती. आणि यात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की या सर्वांत वाईट काळात त्याने छंद सोडला नाही. मन फुटत असताना चौदा ओळी, त्यांची यमकं, त्यांचा मध्यावरचा वळसा, सगळं जागच्या जागी आहे. आषाढात चंद्रभागेला पाणी चढलं की माणूस घाटाच्या दगडी पायऱ्या चाचपत चालतो, तसा तो त्या जुन्या साच्याला धरून राहिला असावा असं मला वाटतं. जे देवळात बोलता येईना ते त्याने सुनीतात बोललं. त्यातली बरीच सुनीतं त्याने कुणाला दाखवली नाहीत. ती मृत्यूनंतर कागदांत सापडली.

१८८८ मध्ये अल्फॉन्सस रॉड्रिग्ज या जेझुइट बंधूला संतपद मिळालं. त्या निमित्ताने हॉपकिन्सने एक सुनीत लिहिलं. हा अल्फॉन्सस मायोर्का बेटावरच्या एका कॉलेजात चाळीसेक वर्षं दारवान होता. घंटा वाजली की दार उघडायचं, बस्स. ना युद्ध, ना चमत्कार, ना गर्दी. बाहेरून काहीच न घडलेलं आयुष्य आणि आतमध्ये चाललेली केवढी झुंज! हॉपकिन्स लिहीत होता संतावर, पण मला त्यात पेपर तपासत बसलेला तोच दिसतो. आणि खरं सांगू, आपल्यातली कित्येक माणसंही दिसतात. रात्रपाळी करणारी, घरी पैसे पाठवणारी, ज्यांच्या आत काय चाललंय ते कुणी विचारत नाही अशी.

पुढच्या वर्षी, १८८९ च्या मे महिन्यात, त्याला विषमज्वर झाला. स्टीफन्स ग्रीनच्या त्या जुन्या घराची गटारं नीट नव्हती असं सांगतात. आई-वडील इंग्लंडहून त्याच्याजवळ येऊन पोचले. ८ जून १८८९ ला तो गेला. वय अवघं चव्वेचाळीस. शेवटच्या क्षणी आपण सुखी असल्याचं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, अशी नोंद आहे. भयंकर सुनीतं वाचून मग हे वाचलं की मन थबकतं. पण त्याच्यावर अविश्वास ठेवायचा आपल्याला काय अधिकार?

ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत त्याला पुरलं. मी दोनदा जाऊन आले. पर्यटक तिथे डॅनिअल ओ'कॉनेलचा उंच मनोरा आणि मायकल कॉलिन्सची फुलांनी भरलेली कबर बघायला येतात. जेझुइटांची जागा एकत्र आहे, एक मोठा क्रूस आणि दगडावर एकाखाली एक नावं. त्या यादीत त्याचं नाव लॅटिनमध्ये कोरलं आहे, बाकीच्यांच्याच आकाराच्या अक्षरांत. कवी म्हणून वेगळं काही नाही. मला वाटतं, त्याला ते आवडलं असतं.

कविता मात्र ब्रिजेसकडे होत्या. ज्याला पहिली मोठी कविता आवडली नव्हती, ज्याला मित्राचा धर्मही पटत नव्हता, त्याच ब्रिजेसने पत्रांतून आलेला एकेक कागद जपून ठेवला होता. तो पुढे इंग्लंडचा राजकवी झाला. मधल्या काळात दोन-चार कविता इकडेतिकडे संग्रहांत छापून त्याने लोकांचे कान तयार केले आणि १९१८ मध्ये, मित्राच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी, पुस्तक काढलं. ७५० प्रती. त्या खपायला दहाएक वर्षं लागली. आपल्या केशवसुतांचा संग्रहही त्यांच्या मागे हरि नारायण आपट्यांनी काढला होता. कवी जातो आणि मित्र कागद सांभाळतो, ही गोष्ट दोन्हीकडे घडली. १९३० मध्ये हॉपकिन्सची दुसरी आवृत्ती निघाली आणि तेव्हाच्या तरुण कवींनी त्याला डोक्यावर घेतलं. डिसेंबर १९७५ मध्ये, त्या जहाजाला शंभर वर्षं झाली तेव्हा, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठ्या कवींच्या रांगेत त्याच्या नावाची शिळा बसवली.

पण मला त्या शिळेपेक्षा १९१८ च्या पुस्तकाचं पहिलं पान जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्रिजेसने ते पुस्तक हॉपकिन्सच्या आईला अर्पण केलं आहे. केट हॉपकिन्स तेव्हा हयात होत्या, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षात होत्या. थोरला मुलगा कॅथलिक झाला म्हणून अर्ध्या शतकापूर्वी त्या रडल्या होत्या. मग डब्लिनला त्याच्या अंथरुणापाशी बसल्या होत्या. नवरा गेला, काळ बदलला, महायुद्ध झालं, आणि त्यानंतर मुलाच्या कवितांचं पुस्तक घरी आलं. दोन वर्षांनी, १९२० मध्ये, त्या गेल्या.

वाचकांपैकी कुणी डब्लिनला आलात तर ८६ नंबरचं ते घर जरूर बघा. आणि घरी एखादी जुनी वही कपाटात पडून असेल, आपली किंवा एखाद्या मित्राची, तर ती रद्दीत देऊ नका एवढंच सांगेन.